पहिली गिटार आणि अंगणातले लाकूड

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यानंतरच्या एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, गायकवृंदातील एक तरुण आम्हाला भेटावयास थांबला. गिटार तो बरी वाजवतो. आता त्याला स्वतःच्या हाताने एक इलेक्ट्रिक गिटार बनवावयाची होती. इंटरनेटवर त्याने परदेशी महोगनीचा तयार ठोकळा पाहून ठेवला होता. परंतु त्याची किंमत आणि वाहतूक खर्च मिळून जो आकडा होत होता, तो वडिलांपुढे मांडण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. दुसरीकडे, घरामागच्या पडवीत फणसाच्या चार फळ्या पडून होत्या. मे २०२१ मधील तौक्ते वादळात त्यांच्या वाडीतला जुना फणस उन्मळून पडला होता. तो फणस त्याच्या आजोबांनी लावलेला. घरच्यांनी त्याच्या फळ्या कापून घेतल्या आणि पुढे कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

“फादर, फणसाची गिटार होते का हो? की लोक हसतील?” त्याने विचारले.

आम्ही तत्काळ ‘हो’ म्हणालो नाही, कारण या बाबतीत आमचे हात एकदा पोळले आहेत. सेमिनरीत असताना आम्ही आणि दोन सोबत्यांनी मिळून अशीच एक गिटार बनवावयास घेतली होती. नुकत्याच कापलेल्या आंब्याची रुंद फळी स्वस्तात मिळाली, म्हणून आम्ही हरखून गेलो. एप्रिल-मे महिन्यांत रंधून, कापून, घासून, वर पॉलिश चढवून ती पूर्ण केली. ऑगस्टमध्ये पाहतो तो बॉडी पन्हळीसारखी वाकलेली, मधला सांधा उकललेला आणि तारा पट्टीपासून इतक्या वर गेलेल्या की बोटे दाबली जाईनात. दोन महिन्यांची मेहनत आणि तिघांचे जमवलेले पैसे वाया गेले. त्याहून मोठे नुकसान हे की आमच्यातल्या एकाने पुन्हा कधी पटाशी हाती धरली नाही.

पहिल्या प्रयत्नात लाकूड चुकले, तर माणूस स्वतःच्या हातालाच दोष देतो. वस्तुतः दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. यास्तव, त्या तरुणाला आम्ही जे सांगितले आणि काही जाणत्या सुतारांकडून स्वतः जे शिकलो, ते आपल्या वाचकांपुढे मांडत आहोत.

आधी गिटारचा प्रकार ठरवावा

गिटारचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. अकूस्टिक गिटारची बॉडी पोकळ असते. तारांचे कंपन घोडीमार्गे वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवून आवाज मोठा करते. ही फळी अवघी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. बाजूच्या पट्ट्या उष्णता देऊन वाकवाव्या लागतात. आवाजाचा सारा भार वरच्या फळीवर असतो, हे स्पेनमधील थोर कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली दाखवून दिले. त्यांनी एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या केल्या. वरची फळी मात्र उत्तम लाकडाची ठेवली.

इलेक्ट्रिक गिटारचे गणित निराळे आहे. तिची बॉडी भरीव असते. पिकअपमधील लोहचुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच पुढे अँप्लिफायरमध्ये मोठा होतो. येथे लाकडाचे पहिले काम आवाज निर्माण करणे हे नसून, सर्व भाग जागच्या जागी घट्ट धरून ठेवणे हे होय. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो वजनाइतका असतो. एखाद्या पोरसवदा मुलाने रात्रंदिवस लोंबकळत राहावे, तसा तो ताण असतो. हा ताण न वाकता, न चिरता वर्षानुवर्षे सोसणे हाच भरीव बॉडीचा धर्म.

म्हणूनच, पहिली गिटार भरीव बॉडीची करावी, हा आमचा पहिला सल्ला. तिची मान, म्हणजे नेक, शक्यतो तयार विकत घ्यावी. पट्ट्यांची अंतरे आणि मानेचा बाक नवख्या हाताला साधत नाहीत. बॉडी मात्र स्वतः करावी. तिच्यात चुकीला वाव आहे आणि शिकण्यालाही.

नामांकित लाकडे नामांकित कशी झाली?

महोगनी, अ‍ॅश, अ‍ॅल्डर ही नावे गिटारच्या दुनियेत मोठ्या आदराने घेतली जातात. त्या तरुणाच्या मनातही हीच नावे होती. ती वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती कशी रूढ झाली हे पाहणे उद्बोधक आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९४९ साली भरीव बॉडीच्या गिटारचा पहिला नमुना केला तो साध्या पाइनचा. १९५० पासून ती बाजारात आली तेव्हा अ‍ॅश वापरात आले आणि १९५६ च्या सुमारास त्यांच्या अनेक गिटारींसाठी अ‍ॅल्डर रूढ झाले. ही लाकडे तेथे मुबलक मिळत, रंध्याखाली चांगली येत आणि परवडत. २०२० साली त्याच कंपनीने आपल्या नियमित गिटारींमधून अ‍ॅशचा वापर मोठ्या प्रमाणात कमी करीत असल्याचे जाहीर केले, कारण नदीकाठचे पूर आणि झाडांना लागलेली कीड यांमुळे ते लाकूड दुर्मीळ झाले. लाकूड बदलले, गिटारी थांबल्या नाहीत.

विख्यात वादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या पाइनच्या चौकोनी खांबावर तारा ताणून एक वाद्य केले. लोकांना ते गिटारसारखे दिसावे म्हणून त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी एका पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले. त्या वाद्याला ‘लॉग’, म्हणजे ओंडका, हेच नाव पडले.

तिसरे उदाहरण आमच्या विशेष आवडीचे आहे. ‘क्वीन’ या इंग्लंडमधील वाद्यवृंदाचे ब्रायन मे हे शाळकरी असताना त्यांच्याकडे चांगली गिटार घेण्याइतके पैसे नव्हते. १९६३ साली त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करावयास घेतली. मानेचे लाकूड होते एका जुन्या शेकोटीच्या वरच्या महोगनीच्या फळीचे. तिला किडीची छिद्रे पडली होती. ती त्यांनी आगकाडीच्या तुकड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाच्या ओकचे तुकडे आणि ब्लॉकबोर्ड वापरले. हीच गिटार घेऊन त्यांनी पुढे जगभर कार्यक्रम केले.

मग लाकडाने आवाजात काहीच फरक पडत नाही का? भरीव गिटारबाबत हा वाद कारागीर आणि वादक यांच्यात जुना आहे आणि तो मिटलेला नाही. अकूस्टिक गिटारविषयी इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी सर्व बाबतींत सारख्या बनवून घेतल्या. केवळ पाठ आणि बाजू यांचे लाकूड वेगळे ठेवले. ५२ वादकांना ते लाकूड दिसणार नाही अशा रीतीने त्या वाजवावयास दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडांच्या गिटारींना वादकांनी दिलेले गुण जवळपास सारखेच आले. पोकळ गिटारच्या पाठीची ही स्थिती, तर भरीव गिटारच्या पहिल्या प्रयोगासाठी दूरदेशीचे लाकूड मागवून कर्ज कशाला करावे?

खऱ्या कसोट्या चार

पहिली आणि सर्वांत मोठी कसोटी कोरडेपणाची. ओले लाकूड वाळताना आकसते. आणि ते सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या गोलाईच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. या विषमतेमुळे फळी वाकते, पिळवटते, चिरते. आमच्या आंब्याच्या फळीचे नेमके हेच झाले. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवायचे तर दर इंच जाडीला सुमारे एक वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. भट्टीत वाळवलेले लाकूड मिळाल्यास हा काळ वाचतो.

कोरडेपणा ओळखण्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. फळी घरात आणून ठेवावी आणि दर आठवड्याला तिचे वजन करून वहीत लिहावे. वजन उतरत असेल तोवर हात लावू नये. सलग दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहिले, म्हणजे फळी घरातल्या हवेशी जुळली असे समजावे. पावसाळ्यात मात्र कोकणपट्टीची दमट हवा कोरड्या फळीलाही पाणी पाजते. म्हणून ही परीक्षा दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत घ्यावी आणि कापाकापीही त्याच दिवसांत उरकावी.

दुसरी कसोटी वजनाची. साधारण आकाराच्या भरीव बॉडीत सुमारे ४,५०० घन सेंटिमीटर लाकूड असते. हलके लाकूड घन सेंटिमीटरला ०.४५ ग्रॅम भरले, तर बॉडी दोन किलोची होते; ०.६० भरले तर २.७ किलोची आणि ०.८० भरले तर ३.६ किलोची. यात मान, खुंट्या, घोडी वगैरे मिळून सुमारे दीड किलो वाढते. पाच किलोचे वाद्य खांद्यावर अडकवून तासभर उभे राहिल्यावर फरक आपोआप कळतो. उलटपक्षी बॉडी फारच हलकी झाली, तर मान जमिनीकडे झुकत राहते.

तिसरी कसोटी घट्टपणाची. घोडीचे आणि मानेचे स्क्रू ज्या लाकडात रोवायचे, त्याने त्यांना पकडून ठेवले पाहिजे. अंगठ्याचे नख जोराने दाबल्यावर खोल वळ उमटत असेल, तर ते लाकूड फार मऊ आहे असे समजावे. चौथी कसोटी, लाकूड हत्याराला वश असावे. ज्याच्याकडे एक करवत, एक रंधा आणि भाड्याचे राउटर यंत्र आहे, त्याने लोखंडासारख्या लाकडाशी झुंज घेऊ नये.

आपल्याकडची लाकडे

*सागवान.* वाळल्यावर फारसे हलत नाही, वाळवीला दाद देत नाही. वजन मध्यम ते थोडे जास्त. किंमत मोठी, परंतु जुने घर उतरवले जाते तेव्हा तुळया, वासे, दाराच्या चौकटी निघतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेले असे सागवान सोन्याच्या मोलाचे आहे. कापण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, अन्यथा यंत्राचे पाते जाईल आणि इजा होईल ती वेगळीच. सागाला अंगचे तेल असते. म्हणून सांधा जोडण्यापूर्वी ती बाजू अ‍ॅसिटोनने पुसून लगेच सरस लावावा.

*तून.* मिरजेच्या सतारी आणि तंबोरे यांच्या घडणीत या लाकडाला मान आहे. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तून तांबूस, हलके आणि रंध्याला मऊ असते. रंगारूपाने ते महोगनीचे जवळचे नातलग आहे. वनस्पतिशास्त्रातही दोघांचे कूळ एकच. वखारीत कोरडे तून मिळाले, तर पहिल्या गिटारसाठी याहून चांगले लाकूड शोधत बसू नये.

*फणस.* दक्षिणेकडील सरस्वती वीणा आणि मृदंगम् फणसाच्या लाकडाची असतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडाने वीणेच्या तारा पेलल्या, त्याला गिटारच्या तारा जड जाऊ नयेत. गाभा पिवळाधमक असतो आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होतो. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही; सालीकडचा फिकट भाग मात्र किडीला लवकर बळी पडतो, तो कापून टाकावा.

*शिवण.* फिकट रंगाचे, हलके आणि वाळल्यावर आकार न सोडणारे. नवख्यासाठी उत्तम.

*आंबा.* स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा. नीट वाळवला तर वाद्याला चालतो. हवाई बेटांवर आंब्याची युकुलेली बनतात. परंतु वाळताना बुरशीचे डाग आणि भुंगा यांपासून त्याला जपावे लागते. आमचा अनुभव वर सांगितलाच आहे.

*शिसव.* देखणे, परंतु जड, महाग आणि हत्याराला कठीण. पूर्ण बॉडीसाठी घेऊ नये. शिवाय शिसवी वर्गातील लाकडे २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत. पुरी झालेली वाद्ये २०१९ च्या अखेरीस त्यातून वगळली गेली, तरी कच्च्या लाकडावर निर्बंध आहेत.

*पाइन आणि प्लायवुड.* मालाच्या जुन्या खोक्यांचे पाइन जवळपास फुकट मिळते. गाठी टाळाव्यात. चांगल्या प्रतीच्या प्लायवुडचे दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवूनही बॉडी होते. ज्याला आधी केवळ हात बसवावयाचा आहे, त्याने हेच करावे.

वखारीत जाताना

बॉडीसाठी ५० सेंटिमीटर लांब, ३६ सेंटिमीटर रुंद आणि रंधून झाल्यावर साडेचार सेंटिमीटर जाड इतके लाकूड लागते. रंध्याखाली घट येते, म्हणून पाच सेंटिमीटर जाडीची फळी मागावी. हे माप सुमारे एक तृतीयांश घनफूट भरते. वखारवाल्याच्या दृष्टीने हा उरलासुरला तुकडा असतो आणि पुष्कळदा कमी भावात मिळतो. एकच रुंद फळी मिळवण्याचा हट्ट धरू नये. १८ सेंटिमीटर रुंदीच्या दोन फळ्या मधोमध जोडल्या तर वाकण्याचा धोका उलट कमी होतो.

फळी डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावी. पीळ लगेच दिसतो. टोकांना चिरा आहेत का, बारीक छिद्रांतून ताजा भुसा पडतो का, मान आणि घोडी बसणार त्या जागी गाठ येते का, हे तपासावे. झाडाच्या अगदी मध्यातून जाणारा भाग फळीत असेल तर ती घेऊ नये, कारण तेथूनच चीर जाते.

दोन गोष्टींचे विस्मरण होऊ नये. फणस, आंबा, साग ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते आणि गिटारसाठी उभे झाड तोडण्याची गरजही नाही. दुसरे म्हणजे, लाकडाचा भुसा फुप्फुसांना घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ सालीच त्याची नोंद कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. घासताना चांगला मास्क लावावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर विशेष जपावे.

त्या फणसाचे पुढे काय झाले?

त्या तरुणाच्या फळ्या आम्ही एका वृद्ध सुतारांना दाखवल्या. त्यांनी बोटाने टिचकी मारली, टोके पाहिली आणि एक फळी बाजूला काढली. तिच्या फिकट कडेला भुंग्याची छिद्रे होती. “ही चुलीला द्या,” ते म्हणाले, “बाकीच्या चांगल्या आहेत, पण घाई करू नका.”

दोन फळ्या ५० बाय १८ बाय ५ च्या मापाने कापून, त्याने त्या घरात आणून ठेवल्या. पहिल्या रविवारी एकीचे वजन २ किलो ८६० ग्रॅम भरले. तीन आठवड्यांनी ते २ किलो ८१० झाले. पाचव्या आठवड्यात २ किलो ७९० आणि पुढचे तीन आठवडे काटा तेथेच राहिला. म्हणजे घन सेंटिमीटरला ०.६२ ग्रॅम. थोडी जड, म्हणून बॉडीची जाडी चार सेंटिमीटरच ठेवावी आणि वरच्या खांद्यामागे थोडी पोकळी कोरावी, असे ठरले. तरीही घोडीखालचा भाग भरीव राहील याची काळजी घेतली आहे.

फळ्या जोडण्याच्या दिवशी त्याचे वडील शिकंजे आवळावयास स्वतः येऊन बसले. ज्या खर्चाची त्याला धास्ती होती, त्याचा विषयच निघाला नाही. पहिल्या रंध्याखाली पिवळा गाभा उघडा पडला तेव्हा वडील म्हणाले, की या झाडाचे गरे खाऊन आम्ही भावंडे वाढलो.

गिटार अजून पुरी व्हावयाची आहे. ती उत्तम वाजेल की बेताची, हे आम्ही आज सांगू शकत नाही. परंतु ती वाकणार नाही, एवढे त्या वहीतल्या आकड्यांवरून खात्रीने म्हणता येते. आणि पहिल्या गिटारकडून तेवढे मिळाले तर दुसरी करण्याची हिंमत राहते. आपल्या घरीही कुणी तरुण अशा विचारात असेल, तर त्याला आधी माळ्यावर आणि पडवीत पाहावयास सांगा. दुकानाची वाट त्यानंतरही मोकळीच आहे.